टिटवी गप्प का झाली?

कालपर्यंत अखंड बडबड करणारी टिटवी आज सकाळपासून गप्प होती. दिवे लुकलुकत होते, चाकं फिरत होती, चहासुद्धा तिने न सांडता ओतला. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. असं का बरं झालं असेल?

कारण फक्त गार्गीला ठाऊक होतं.

टिटवी हा चंद्रावरच्या त्यांच्या घरातला रोबो. ती बोलायची सुमाआत्याच्या आवाजात. दोन वर्षांपूर्वी आत्या गुरू ग्रहाकडे निघाली, तेव्हा आपल्या आवाजाचा प्रोग्राम स्वतः लिहून टिटवीत ठेवून गेली होती.

"आजोबा, मी काल टिटवीत नवा खेळ घातला. ती 'थांब, थांब' म्हणत होती. मी जबरदस्ती केली."

भास्करआजोबा संगणकशास्त्रज्ञ. सुमाआत्या त्यांची मुलगी. त्यांनी चष्मा काढून ठेवला. रागावले असते तर बरं, असं गार्गीला वाटलं.

"का थांब म्हणाली?"

"खेळाला नवी लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो भाग) हवी होती, आवाजाला जुनी. मी जुनी काढून टाकली. जुनाटच होती ना!"

"अगं वेडाबाई, लाडवाला रवाळ बेसन लागतं, शेवेला बारीक. डबा एकच. तू शेवेसाठी रवाळ फेकून दिलंस. आता लाडू कसे वळायचे? एक प्रोग्राम असा दुसऱ्यावर विसंबतो, त्याला म्हणतात डिपेंडन्सी (अवलंबन)."

"मग रवाळ पुन्हा दळू की! आपल्याकडे तर सगळं सोर्सपासूनच (प्रोग्रामच्या मूळ लिखाणापासून) घरी तयार होतं."

"दळलं असतं, दोन डबेही ठेवले असते. पण ती जुनी डाळ, म्हणजे त्या लायब्ररीचं मूळ लिखाण, पृथ्वीवरच्या भांडारातून केव्हाच गेली." आजोबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चूक माझीही आहे. दर आठवड्याला थोडं थोडं अपडेट करत राहिलो असतो, तर गुंता वाढलाच नसता. पण सुमाचा आवाज बिघडेल या भीतीने मी दोन वर्षं हातच लावला नाही."

मग दोघांनी आत्याचं लिखाण उघडलं. नव्या लायब्ररीला जुळतील अशा अकरा ओळी बदलल्या आणि आवाज पुन्हा घडवायला लावला. जेवणाच्या वेळेला टिटवी बोलली,

"अगं गार्गे, हात धुतलेस का?"

आवाज आत्याचाच. पण 'अगं'च्या आधी ती खुदकन हसायची, ते हसू नव्हतं. त्यासाठी लागणारा तुकडा नव्या लायब्ररीत नव्हताच. आजोबा पानातला भात नुसताच चिवडत राहिले.

गार्गीने निरोप लिहिला : 'आत्या, तुझं हसू माझ्या हातून हरवलं. बदललेल्या ओळी पाठवतेय. पुन्हा हसून पाठवशील?'

निरोप गुरूच्या वाटेला लागला. रविवारी दोघं आठवड्याच्या अपडेटला बसली, तेवढ्यात टिटवी म्हणाली, "थांब."

गार्गीने हात मागे घेतला. "थांबले गं. सांग, काय अडलंय?"