तिरकी नजर

मन्नाएखेळ्ळीच्या बसथांब्यावर, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी, अंकुशरावांना शाळेत सोबत शिकलेली कलाबाई अचानक भेटली. किती वर्षांनी! त्यांची बायको चंद्रभागाबाई शेजारीच उभी. रसाचा फेस ओठाला लागला म्हणून ती स्वतःशीच हसली... आणि अंकुशराव हळूच म्हणाले,

"हसलीस की अजून तशीच दिसतीस, बघ."

नजर मात्र कलाबाईवर!

कलाबाईनं लाजून पदर सावरला. चंद्रभागाबाईला रस कडू लागला.

हळ्ळीखेडला घरी आल्यापासून ती भाकरी आदळूनच वाढायची.

"जेवा. कलाबाई न्हाई वाढायला... मीच हाय!"

अंकुशराव नुसतेच हसायचे. तेही चुलीकडं बघत!

एका सकाळी चहा बशीत ओतताना अर्धा खाली सांडला.

"अहो, बशी दिसंना का?"

"बशी दिसायली... मधलंच दिसंना. दाराची चौकटबी वाकडी दिसायली."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"तू घाबरशील म्हणून..."

तिचा राग तिथंच विरघळला. दुसऱ्या दिवशी दोघं बीदरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेली.

डॉक्टर पवित्रा म्हणाल्या, "अण्णा, वयामुळं डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, आत पाणी झिरपतंय. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण आहे ते टिकवू. बिडी मात्र बंद!"

अंकुशराव मन लावून ऐकत होते... दारातल्या नर्सकडं बघत.

"बघा डॉक्टरीणबाई!" चंद्रभागाबाई फणकारली. "मला सोडून साऱ्या बायांकडं बघत्यात!"

डॉक्टर हसल्या. "अक्का, त्यांना कडेचं दिसतं, मधलं नाही. ज्याला बघायचं, त्याच्या शेजारी नजर लावावी लागते."

बाहेर बाकावर ती हळूच म्हणाली, "मग त्या दिवशी... रसाच्या गाड्यापाशी?"

"तुलाच बघायलतो की. सरळ बघितलं की तुझं तोंडच पुसून जातंय. जरा बाजूला बघितलं... की तू सापडतीस."

ती बाकावर त्यांच्याजवळ सरकली.

पहिलं इंजेक्शन घेऊन दोघं परतीच्या बसमध्ये बसली. खिडकीशी मोगरा माळलेली एक तरुण बाई, मध्ये चंद्रभागाबाई, कडेला अंकुशराव. त्यांनी मान वळवली. नजर थेट मोगऱ्यावर!

"कुणाला बघायलाव?"

"तुलाच."

"ठावं हाय मला. तरीबी..."

तिनं त्या बाईला विनवून कडेला बसवलं, आपण खिडकीशी सरकली अन् नवऱ्याला जवळ ओढलं.

"आता बघा पाहिजे तितकं. माझ्या शेजारी नुसतं तुरीचं रान हाय."

अंकुशराव तुरीच्या रानाकडं बघत राहिले... आणि चंद्रभागाबाई लाजून लाल झाली.