उबेचा दाखला

घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढलं की आमच्याकडे आधी माझ्यासारख्या कुणाला तरी बोलवावं लागतं. मी टेप, टॉर्च आणि कॅमेरा घेऊन जाते. भिंतींची जाडी मोजते, माळ्यावर चढून थंडी अडवायला किती लोकर अंथरली आहे ते बघते, आणि ते घर गरम ठेवायला किती ऊर्जा लागते याचा दाखला देते. ए-वन म्हणजे उत्तम, जी म्हणजे चाळणी. आयर्लंडमधल्या मेयोच्या या पश्चिम टोकाला मी ए-वन आजवर दोनदाच लिहिलं आहे, आणि ती दोन्ही घरं डब्लिनच्या लोकांनी सुट्टीसाठी बांधलेली.

लोकांना एक गोष्ट पटत नाही. घर उबदार आहे का, हे आमच्या फॉर्ममध्ये कुठेच विचारलेलं नाही. भिंतीत काय आहे तेवढंच विचारतात. आणि जे दिसत नाही, ज्याचा कागद नाही, ते नाहीच असं धरायचं. बाकी आयुष्यात मी असं मानत नाही, पण कामाचा नियम तो आहे आणि मी तो पाळते.

फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी मी विनी पॅडनच्या घरी गेले. विनीबाईंचं कमरेचं हाड मोडल्यापासून त्या बॅलिनाच्या शुश्रूषागृहात होत्या, इथून चाळीस मैलांवर. दोन वर्षं त्या पलंगावरून उठल्या नव्हत्या. घर तेव्हापासून बंद. त्यांचा भाचा फर्गल दारात उभा होता.

"ये अट्रॅक्टा. चहा विचारत नाही, वीज तोडली आहे."

"माझा आज उपासच आहे."

"तुझा कधी नसतो गं? बरं झालं, पाहुणचाराची चिंता मिटली."

बाहेर गारठलेला पाऊस आडवा मारत होता. नऊ दिवस सूर्य दिसला नव्हता. मी उंबरठा ओलांडला आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली.

मी चष्मा पुसला. दोन वर्षं बंद असलेल्या घराचा वास मला पाठ आहे, ओल्या चुन्याचा आणि उंदरांचा. इथे कोरडा वास होता, टर्फच्या धुराचा. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली मातीची ढेकळं. आमच्या चुली त्यावरच चालत आल्या.

"ऊब आहे," मी म्हटलं.

"दक्षिणेच्या खिडक्या आहेत ना," फर्गल म्हणाला आणि खिडकीकडे बघायचं टाळलं.

चुलीच्या तोंडावर त्याने पांढरा रंग दिलेली फळी ठोकली होती. कडेने चिकटपट्टी मारली होती.

"हे काय?"

"धुराडं बंद केलं. उघडं धुराडं असलं की तुमच्याकडे मार्क जातात म्हणे."

"फळीने बंद होत नाही रे. विटा घालून कायमचं बुजवावं लागतं. ही असून नसून सारखीच."

"सांगतोय कोण आधी! दोन रविवार घालवले मी त्यावर."

मग त्याने सगळं सांगितलं. गावातल्या शाळेत शिकवणारी सॉरखा आणि तिचा नवरा मॅलकी यांना हे घर हवं होतं. उन्हाळ्यात तिला मूल होणार होतं, आणि दोघं तिच्या आईच्या मागच्या खोलीत राहत होते. पण त्यांच्या बँकेने लिहून दिलं होतं की दाखला सी-थ्री किंवा त्याहून वरचा हवा, आणि तो मंगळवारपर्यंत. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. त्याला फक्त जागा हवी होती. घर पाडून तो पर्यटकांसाठी खोल्या बांधणार होता.

मी कामाला लागले. चुलीच्या उजव्या हाताला भिंतीत मीठ कोरडं ठेवायचा छोटा कोनाडा होता, जुन्या घरांत असतो तसा. मी आत हात घालून पाहिलं. रिकामा. फोटो काढला, कारण आम्हाला प्रत्येक गोष्टीचा फोटो लागतो. भिंतींवर बोटाने ठोकलं तर आवाज पोकळ आला. आतून काहीतरी तक्ते लावलेले असणार. पण भोक पाडायची मला परवानगी नाही.

"नव्वदच्या सुमाराला आत्याने काहीतरी करून घेतलं होतं खरं," फर्गल म्हणाला. "कागद कुठला आता?"

तो बाहेर तेलाची टाकी मोजायला गेला. मी फळीला हात लावला. ती कोमट होती. नुकतंच कुणी उठून गेलेल्या गादीसारखी.

तेवढ्यात चर्चची बाराची घंटा वाऱ्यावर आली. मी जिथे असेन तिथे उभी राहून दुपारची प्रार्थना म्हणते. ती दोघांची असते, एकाने एक ओळ म्हणायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. आई होती तोवर उत्तर तिचं. ती गेल्यापासून दोन्ही मीच म्हणते, पण तिच्या ओळीआधी क्षणभर थांबायची सवय राहिली आहे.

मी पहिली ओळ म्हटली आणि थांबले.

फळीमागे हलकंच काहीतरी सरकलं. राख खाली बसते तसं.

दुसरी ओळ. थांबले. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा मी जरा जास्तच थांबले. उत्तर वेळेवर आलं.

फर्गल आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "ही फळी काढावी लागेल. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला लिहिता येत नाही."

फळी निघाली. चुलीत राखेचा ढीग होता, फावड्याच्या पाठीने गुळगुळीत थापलेला. वर बोटाने काढलेला क्रूस. मी चिमट्याने राख बाजूला केली. आत तीन निखारे, लालबुंद.

फर्गलने टोपी काढली.

"मी ऑक्टोबरात फळी ठोकली," तो म्हणाला. "राख थंड होती. बादली भरून मी स्वतः बाहेर टाकली."

"चावी आणखी कुणाकडे?"

"एकच आहे." त्याने खिशावर हात ठेवला, ती अजून तिथे आहे ना हे बघितल्यासारखा.

इथल्या जुन्या घरांत विस्तव विझू देत नाहीत. झोपायच्या आधी घरातली बाई निखारे राखेत पुरते, मरियेचं आणि संत ब्रिजिडचं नाव घेते, सकाळी राख सारून त्यावरच नवं टर्फ ठेवते. ही चूल आपल्याहून दीडशे वर्षांनी मोठी आहे, असं विनीबाई सांगायच्या.

मी निखारे परत पुरले. नाव घेतलं. मग टेबलाशी बसून आकडे भरले. भिंतींचा कागद नाही, धुराडं उघडं. डी-वन.

"आणि बुजवलं तर?"

"सी-थ्री."

फर्गलने टोपी परत डोक्यावर घातली. "सोमवारी सकाळी गवंडी आणतो. विस्तवाला घेऊन काय करू, अट्रॅक्टा? चूल राखायला घर तरी उरायला हवं ना? घरात मूल येतंय म्हटल्यावर आत्या माझा कान धरून म्हणाली असती, बुजव मेल्या."

त्याचं चुकत नव्हतं. पण भिंतींचा कागद मिळाला, तर धुराडं न बुजवताही भागलं असतं. म्हणूनच मला शनिवारी बॅलिनाला जावंसं वाटलं.

विनीबाई उशांना टेकून बसल्या होत्या, पाखरासारख्या हलक्या. जिन्सी नावाची केरळची नर्स एका वाडग्यात त्यांचा हात धरून ब्रशने नखं घासत होती. पाणी करडं झालं होतं.

"यांच्या घरच्या का तुम्ही?" जिन्सीने विचारलं. "मग सांगा बघू यांना. रोज संध्याकाळी मी नखं साफ करते, रोज सकाळी ही अशी. कुंडीतली माती उकरतात का काय, कळत नाही. पलंगाला कठडे लावलेत, पाय टेकवत नाहीत. आणि खोलीत कुंडीही नाही."

"दलदलीवरची बाई आहे मी, पोरी," विनीबाई म्हणाल्या. "आतूनच येतं ते." मग माझ्याकडे वळल्या. "तू नॅन लव्हेलची ना? आईसारखंच हळू बोलतेस. तिलाही दोनदा विचारावं लागायचं."

मी भिंतींच्या तक्त्यांबद्दल विचारलं. कुणी बसवले, कधी, एखादी पावती?

"मिठाच्या कोनाड्यात आहे."

"मी काल बघितला, विनीबाई. रिकामा होता."

"काल होता रिकामा," त्या म्हणाल्या. "तू कशासाठी आली होतीस ते मला काल कुठे ठाऊक होतं?"

जिन्सी हसली. मला हसता आलं नाही. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गरम होता.

"ती मुलगी विस्तव पुरते का नीट?"

"अजून ती राहायला आलेली नाही."

"मग शिकव तिला. मला फार लांब पडतं आता."

रविवारी प्रार्थनेनंतर मी फर्गलला चर्चच्या दारातच गाठलं. आम्ही दोघं मिळून कुलूप उघडलं. कोनाड्यात घडी घातलेला कागद होता. पोळीसारखा कोमट आणि कोरडा. एकोणीसशे चौऱ्याण्णव साल, घराचा पत्ता, बाहेरच्या सगळ्या भिंतींना आतून पन्नास मिलिमीटरचे तक्ते, खाली गवंड्याची सही. सहीशेजारी राखेत उमटलेला अंगठा.

माझ्या कॅमेऱ्यात एकाच कोनाड्याचे दोन फोटो आहेत. शुक्रवारी रिकामा. रविवारी भरलेला. दोन्ही मी काढलेले.

फर्गल खाली बसला. "मी इथे वाढलोय," तो म्हणाला. "तरी मला आज कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटतंय."

सोमवारी गवंडी विटा घेऊन आला, त्याला थर्मासमधला चहा पाजून परत पाठवला. मी दाखला लिहिला. भिंती: तक्ते आहेत, कागद जोडला आहे. धुराडं: उघडं, वापरात. यंत्राने आकडे गिळले आणि सांगितलं, सी-थ्री. एका अंशानेच, पण सी-थ्री. राखेचा अंगठा स्कॅनमध्ये स्वच्छ उमटला आहे. दफ्तरात तो अजूनही असेल.

एप्रिलमध्ये सॉरखा आणि मॅलकी राहायला आले. तिला विस्तव पुरायला मी शिकवलं. तिचा धर्मावर फारसा भर नाही, पण शब्द तिने मनापासून पाठ केले. "जमत नाही मला," ती आठवड्याने फोनवर म्हणाली. "मी कसंतरी झाकून ठेवते. सकाळी बघते तर छान थापलेलं असतं. मॅलकी उठत असेल, कबूल करत नाही. लबाड कुठला!"

विनीबाई जूनमध्ये झोपेतच गेल्या. दफनाच्या वेळी जिन्सी मागच्या बाकावर होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "शेवटचे नऊ दिवस नखं अगदी स्वच्छ होती हो. ब्रश लावावाच लागला नाही. मला उगीच चुकल्यासारखं व्हायचं."

सॉरखाला मुलगी झाली त्या दिवसापासूनचे दिवस मी मनातल्या मनात मोजले. मग मोजणं सोडलं.

पुढच्याच शुक्रवारी बाळाला बघायला गेले. खिडक्या उघड्या होत्या, परसात दुपटी वाळत होती, चुलीवर किटली होती. इतक्या वर्षांत इतक्या घरांना दाखले दिले, पण 'हे घर सुखी आहे' असं लिहायला रकाना हवा होता असं मला त्या दिवशी वाटलं. सॉरखा टबात मुलीला आंघोळ घालत होती. दोन आठवड्यांची पोर, शांत, डोळे टक्क उघडे.

"ही रडतच नाही हो," सॉरखा म्हणाली. "रात्रभर आपली आपण पडून असते. आई म्हणते, असं बाळ नशिबाने मिळतं. एकच गंमत आहे. ते हातमोज्यांचे धागे असतात ना, तेच असणार."

तिने बाळाची चिमुकली मूठ उलगडून माझ्यासमोर धरली.

"रोज संध्याकाळी धुते मी," ती हसत म्हणाली. "आणि रोज सकाळी बघा, नखं अशी काळी."