बिनखिळ्यांचे टायर

पहिला बर्फ पडला की आमच्या कुह्मो गावातल्या सगळ्यांना एकाच सकाळी हिवाळ्याचे टायर आठवतात. गर्दीआधी या, अशी जाहिरात मी ऑक्टोबरभर देतो. कोणी येत नाही. त्या मंगळवारीही माझ्या दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत गाड्यांची रांग लागली होती.

लेम्पी मावशी रांगेत थांबली नाही. मागच्या दारानं आत आली, वेलचीचे पाव टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "यंदा खिळ्यांचे नकोत. बिनखिळ्यांचे बसव."

आर्वो काका गेल्यापासून मावशी गावाबाहेर, तळ्याच्या कडेच्या रस्त्यावर एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर. आमच्याकडे नोव्हेंबरात बर्फ पडतो, त्यावर पाऊस पडतो, रात्री ते सगळं गोठतं आणि सकाळी पुन्हा पाऊस. त्या ओल्या काचेवर रबर घसरतं, लोखंडी खिळा तेवढा रुततो. शहरातल्या मीठ टाकलेल्या रस्त्यांवर बिनखिळ्यांचे टायर ठीक आहेत. तिच्या रस्त्यावर नाहीत.

"का पण?"

"आवाज फार करतात."

"चाळीस वर्षं करतायत की."

"तेव्हा ऐकण्यासारखं काही नव्हतं."

तिचे गेल्या हिवाळ्यातले टायर माझ्याच गोदामात होते. अजून चांगले आहेत हे दाखवावं म्हणून बाहेर काढले. डावीकडच्या दोन्ही टायरांचे खिळे टोकदार होते. उजवीकडचे झिजून रबराला टेकले होते.

मी तिची गाडी वर उचलली. चाकं सरळ होती, स्प्रिंगा सारख्या, ब्रेक ठीक. एकाच बाजूला कायम ओझं असेल तरच टायर असे झिजतात.

"उजवीकडे काय वाहतेस? लाकडं?"

"माणूस बसतो." ती कॉफी ढवळत राहिली.

"आर्वो काका?" माझा आवाज आपोआप खाली आला.

"आर्वो?" मावशीला खरंच हसू आलं. "आर्वो कधी गाडीत बोलला होता का रे?"

मग तिनं सांगितलं. गेल्या जानेवारीत पुलाअलीकडच्या बसथांब्यावर कोणीतरी उभं आहेसं तिला वाटलं. पाऊस आणि बर्फ एकत्र कोसळत होते. अशा हवेत आमच्याकडे कोणी कोणाला रस्त्यावर सोडून जात नाही. तिनं गाडी थांबवून दार उघडलं. कोणी दिसलं नाही. दार लावून निघाली, तर गाडी जड. तेव्हापासून हिवाळाभर तिकडून जाताना दर वेळी तसंच.

"कुठं उतरायचं ते सांगतो तो. पण हळू बोलतो. खिळ्यांच्या घरघरीत एक शब्द कळत नाही. उन्हाळ्यात टायर शांत होते, पण तो थांब्यावर नव्हताच. बिचारा दमलाय."

"मावशी, डॉक्टरांना दाखवूया का?"

"दाखवलं. कान तुझ्यापेक्षा चांगले आहेत म्हणाले."

बाहेर गिऱ्हाइकं हॉर्न वाजवत होती. मी नाही म्हटलं असतं, तर तिनं दुसरीकडून बसवून घेतले असते आणि एकटीच गेली असती. मी अट घातली. एकदाच जायचं, मी बरोबर येणार आणि परत आल्यावर खिळ्यांचे टायर पुन्हा चढवणार.

"चालेल," मावशी म्हणाली. "पण मागे बस."

दुपारी निघालो. उजेड उतरू लागला होता. पाऊस बारीक आणि सरळ होता. चाकोऱ्यांत पाणी साचलं होतं, त्याखाली बर्फ. टायर इतके शांत होते की पाण्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती. लाकूड कारखान्याच्या वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला. मावशीनं ब्रेक दाबला नाही, ॲक्सिलरेटर सोडला, आणि गाडी हळूच ओळीत आली. मी दाराची मूठ धरून बसलो होतो.

थांब्यावर कोणी नव्हतं. मावशीनं वाकून शेजारचं दार उघडलं. गार हवा आत आली. तिनं दार लावलं.

गाडी पुढून उजवीकडे झुकली. रस्त्याला उतार असेल, मी मनात म्हटलं. पूल सपाट आहे. पुलावरही ती झुकलेलीच होती.

मावशीनं मान किंचित उजवीकडे कलती केली. "हं," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "हो, कळलं आता."

मला काही ऐकू आलं नाही. पण रिकाम्या सीटशेजारची काच आतून धुरकट झाली होती. बाकीच्या स्वच्छ होत्या.

तिनं अचानक वळायचा दिवा लावला. ती वाट मला माहीत होती. उन्हाळ्यात तिथून होड्या पाण्यात सोडतात.

"मावशी, पुढे तळं आहे. अजून नीट गोठलेलं नाही."

"त्याला माहीत आहे."

उतारावर चाकांनी पकड सोडली. तिनं ब्रेक दाबला. तिच्या पायाखाली ब्रेकची खडखड झाली, पण वेग तसाच राहिला. काळं पाणी समोरून जवळ येत होतं.

मी तिचा खांदा धरला.

पुढची चाकं वाळल्या लव्हाळ्यात शिरली आणि गाडी थांबली.

मावशीनं वाकून दार उघडलं. "जा," ती म्हणाली. "सांभाळून."

गाडीची उजवी बाजू हळूहळू वर आली.

काठाचा बर्फ पातळ होता, त्यावर पावसाचं पाणी. एकही पाऊल उमटलं नाही. दूरवर कुठंतरी बर्फ एकदाच कडाडला.

तिनं दार लावून घेतलं, बाहीनं डोळे पुसले आणि गाडी मागे घेतली. चढावर पुढची चाकं जागीच फिरू लागली. मागे पोती भरल्यासारखी गाडी ओढत होती. शेवटी एक चाक खडीला लागलं आणि आम्ही रस्त्यावर आलो.

मावशी जिवंत होती आणि काम झालं होतं.

"दुकानावर चल," मी म्हटलं. "आत्ताच खिळ्यांचे बसवतो."

मावशीनं आरशात पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी.

"इतक्यात नको रे," ती म्हणाली. "आधी तिला विचार, तिला कुठं उतरायचंय."