पंखाखालचा ठसा

साकेत नगरच्या स्टेशनरीच्या दुकानात ट्रिपल झीरोचा, म्हणजे सगळ्यात बारीक टोकाचा, एकच ब्रश उरला होता, आणि त्यावर दोन हात पडले. एक माझा, दुसरा एका उंच, चष्मेवाल्या मुलाचा.

"मला विमानाच्या कॉकपिटमधली बटणं रंगवायचीत," तो म्हणाला. "तुम्हाला?"

"दात."

मी डेंटल लॅबमध्ये कृत्रिम दातांना रंग देते हे ऐकल्यावर त्याने ब्रश निमूटपणे माझ्याकडे सरकवला. "घ्या. पण एक शर्त... रविवारी अवधपुरीला येऊन माझ्या पायलटचा चेहरा रंगवून द्यायचा."

मी गेले. ब्रशसाठी जातेय, असं स्वतःला सांगितलं.

गौरांग मंडीदीपच्या कारखान्यात इंजिनियर होता. बाल्कनीतल्या टेबलावर त्याचं वीतभर लांबीचं लढाऊ विमान, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेलं. त्याची आई, नलिनीकाकू, पोह्यांवर शेव भुरभुरत म्हणायची, "अबोली, तू तरी याच्या नादी लागू नकोस गं." तोवर मी लागले होते.

त्याला जरासुद्धा खोट चालायची नाही. रंगात एक केस अडकला म्हणून त्याने अख्खा पंख घासून पुन्हा रंगवला. असल्या माणसावर जीव जडणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं.

"इतकं कोरं विमान खोटं दिसतं," मी एकदा म्हटलं. "दातावरही हलकासा डाग ठेवावा लागतो, तेव्हा कुठे तो खरा वाटतो."

"तुझं लॉजिक सही आहे, यार," म्हणत त्याने इंजिनामागे काजळी लावू दिली. आठ महिने असेच रविवार गेले. त्याला दरवर्षीच्या मॉडेल-प्रदर्शनात पहिला नंबर हवा होता, तीन वर्षांपासून. मला काय हवं होतं, ते मी बोलले नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात तो म्हणाला, "एक तारखेपासून पुण्याला बदली झालीय."

मी काहीतरी करायचं म्हणून विमान उचललं... रंग ओला होता. डाव्या पंखाखाली माझा अंगठा उमटला.

"राहू दे. मी बघतो," तो म्हणाला.

बघतो म्हणजे घासणार. घरी येऊन मला रडू आलं, आणि ते पंखासाठी नव्हतं.

प्रदर्शनात परीक्षकांनी विमान अलगद उलटं केलं. "इथे बोटाचा ठसा आहे. वर पारदर्शक कोट मारलाय, म्हणजे तुम्हाला दिसला होता. घासला का नाही?"

गौरांगने माझ्याकडे पाहिलं. "सर... तो राहू द्यायचा होता."

नंबर आला नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी विचारलं, "दोन मिनिटांचं काम होतं, गौरांग. का केलं नाहीस?"

"तीनदा पॉलिश पेपर हातात घेतला. तुझं बोट पुसायला हात धजेना." मांडीवरचा विमानाचा खोका त्याने उगाच सरळ केला. "अबोली, मला तू आवडतेस. हे विमान पुण्याला नेतोय... पण नुसत्या ठशावर माझं भागायचं नाही."

मी खोक्याच्या झाकणावर हात ठेवला. "तिकडे डेंटल लॅब आहेत?"

"अकरा ठिकाणी फोन केला. दोघांना माणूस हवाय."

म्हणजे हा मला न विचारता माझी नोकरी शोधत होता. रागवायला हवं होतं. जमलं नाही.

"आधी माझ्या घरी येऊन बोल," मी म्हणाले. "आणि तो ट्रिपल झीरोचा ब्रश... तो मी पुण्याला घेऊन येईन."