विसापैकी तेरा

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत ती एकटीच. अर्ध्या तासाने दार उघडून ज्या मेकॅनिकने हात दिला, तो पुढच्याच सोमवारी तिच्या इंग्रजीच्या वर्गात पहिल्या बाकावर हजर. "सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय बढती नाही, बाई," म्हणाला. आता यात लाजण्यासारखं काय होतं? पण ती लाजली खरी.

गडी हुशार निघाला. शेजारच्या बाकावरच्या मावशींना व्याकरण असं समजावायचा की ही खडू हातात धरून ऐकत राहायची. पण ऑनलाइन चाचणी आली की माती खायचा. विसापैकी तेरा. चौदा मिळाले की सर्टिफिकेट आणि वरचा वर्ग... तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या सरांकडे.

तिने चाचणीची वेबसाइट बदलली. खेळांची घेतली – तेरा. व्हिडिओंची घेतली – तेरा. तिची तर मतीच गुंग झाली. आपलंच शिकवणं कच्चं, असं वाटून जीव खालीवर व्हायचा; आणि तो अजून इथेच आहे म्हणून हायसंही वाटायचं. ही काय भानगड, ते मात्र कुठल्याच साइटवर सापडेना.

मग एका साइटवर तिला शिक्षकांसाठीचं पान दिसलं. कुणी कुठलं उत्तर कधी बदललं, सगळं त्यात. त्याची वीसच्या वीस बरोबर होती. शेवटच्या मिनिटाला त्याने सात बदलून चुकीची केली होती.

वर्ग सुटल्यावर तिने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

"मुद्दाम नापास होताय?"

तो कान खाजवत राहिला. "पास झालो तर... तुम्ही दिसणार कुठे?"

रागवावं की हसावं, तिला कळेना. "आणि बढती?"

"राहिली तर राहिली."

"वेडे आहात का हो तुम्ही?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "हे बघा... शिक्षकाने विद्यार्थ्याबरोबर चहालासुद्धा जायचं नाही, असा इथे नियम आहे. माजी विद्यार्थ्यांबद्दल काही लिहिलेलं नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं, लॅपटॉप ओढला आणि चाचणी पुन्हा सुरू केली. पाच मिनिटांत विसापैकी वीस.

"आता बाई म्हणायचं नाही ना?" त्याने हळूच विचारलं. "मग काय म्हणू?"

एवढ्या व्याकरणाच्या बाई, पण एक शब्द सुचेल तर शपथ.

"चला," ती घाईने पर्स उचलत म्हणाली, "चहा गार होतोय."

अजून कुणी चहा मागवलाही नव्हता.