विंगेतल्या चार चिपा

त्या दुपारी मी घराबाहेर पडलो तो फक्त दोन नॉब विकत आणायला. दिवा जरा मोठा करा, म्हणजे माझं तोंड तुम्हाला नीट दिसेल. मी मध्येच थांबलो तर गोष्ट संपली असं समजून उठू नका. मी तोतरा आहे. सगळ्यात जास्त अडतो तो ‘म’वर. ओठ एकदा मिटले की गंजलेल्या कुलपासारखे बसतात. माणसाला स्वतःबद्दल काही सांगायचं तर सुरुवातच ‘मी’ने करावी लागते, आणि माझं नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

पोटासाठी मी वजनकाटे दुरुस्त करतो आणि हौसेसाठी सिंथेसायझर बनवतो. तयार मिळतो तसा नाही, सुट्या खोक्यांचा. एक खोकं आवाज काढतं, दुसरं तो चिरतं, तिसरं हलवतं. तारा जोडायच्या आणि काय निघतंय ते ऐकायचं. असे आम्ही वीस-पंचवीस वेडे वर्षातून एकदा एका शाळेच्या सभागृहात जमतो. तिथला नियम एकच: ज्याचं खोकं, त्यानंच उभं राहून दहा मिनिटं बोलायचं. जो बोलेल त्याच्या नावावर खोकं वहीत चढतं.

सहा वर्षांत माझी सहा खोकी तिथे गेली, आणि सहाही माझ्या मित्राच्या नावावर चढली. त्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण तो कानात बोलला तरी चौकात ऐकू जातं. तो बिचारा प्रामाणिक. दर वेळी सांगायचा, “हे माझं नाही हो, त्याचं आहे.” पण नियम तो नियम. मी मागच्या रांगेत ताईशेजारी बसून माझ्याच कामाला टाळ्या वाजवायचो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणापासून माझी अर्धी वाक्यं तीच पुरी करते. जीव लावते म्हणून करते, हे कळतं मला. तरी घरात बसून स्वतःच्याच आयुष्याचा प्रेक्षक झाल्यासारखं वाटायचं.

सातव्या वर्षी मी ठरवलं, यंदा मेलो तरी बेहत्तर, पण बोलायचं. त्यासाठीच डिले बनवायला घेतला. डिले म्हणजे आवाज उशिरा परत देणारं खोकं. आपलाच आवाज कानात किंचित उशिराने पडला की काही तोतऱ्यांची जीभ सुटते, असं मी वाचलं होतं.

तर मी नॉब आणायला भोंग्याच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात गेलो. त्याने एक जुना डबा काउंटरवर आपटला. “बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या लिलावात मिळाला. आत चार डिलेच्या चिपा आहेत, हल्ली बघायला मिळत नाहीत अशा. घेऊन जा, नाहीतर उंदीर खातील.”

या जुन्या चिपेचं काम समजायला सोपं आहे. आग लागल्यावर माणसं रांगेने उभी राहून बादल्या पुढे देतात ना, तसं. आत हजारो इवल्या बादल्या असतात. आवाज एकीतून दुसरीत ओतला जातो आणि शेवटच्या बादलीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. तो वेळ म्हणजे डिले. पहिल्या बादलीत जे पडलं नाही, ते शेवटच्या बादलीत येऊ शकत नाही. एवढं लक्षात ठेवा.

तीन दिवसांत त्या चिपांवर माझं सर्किट उभं राहिलं. चौथ्या दिवशी ताई बाजारात गेली होती. खिडक्या बंद, खोलीत सोल्डरच्या धुराचा राळेसारखा वास, आणि स्पीकरमधून बारीक गुणगुण. वेळ सेकंदाच्या पाचव्या भागावर लावली, हेडफोन चढवला, माइक तोंडाशी धरला. वाक्य साधंच होतं: माझा आवाज येतोय का?

“म...” ओठ बसले. नेहमीप्रमाणे मान ताठरली, डोळे मिटले.

आणि कानात कुणीतरी हळूच म्हणालं, “माझा...”

“माझा आवाज येतोय का?” मी बोलून गेलो. एका दमात. लोण्यातून सुरी जावी तसं.

आधी आनंद झाला, घाम नंतर फुटला. कारण तो ‘माझा’ मी म्हटलाच नव्हता. शिवाय आवाजही माझा नव्हता. कोरडा, म्हातारा, कुजबुजता. पानं उलटावीत तसा.

मी काटेवाला माणूस, पुराव्याशिवाय काही मानत नाही. माइकची तार उपटली: शांतता. तार जोडली, गप्प बसलो: शांतता. ‘पाणी’, ‘खुर्ची’, ‘उद्या’ म्हटलं: ते नीट उशिरा परत आले. ‘मंगळवार’वर अडलो, आणि तो लगेच आला... “मंगळवार.” मी ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर शेवटच्या बादलीतून आवाजाची लाट निघत होती आणि पहिल्या बादलीवर सरळ रेघ होती. खोली तापलेली होती, तरी माझ्या हातांवर काटा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी भोंग्याकडून पत्ता घेऊन मी त्या नाट्यगृहाच्या म्हाताऱ्या वायरमनकाकांना गाठलं. त्यांना डब्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि बोलण्याआधी उठून दार लोटून घेतलं.

“हा डबा विंगेत असायचा. गुहेतला आवाज, भुताचा आवाज, असल्या प्रसंगांसाठी. प्रॉम्प्टरच्या स्टुलाशेजारीच. तेच चालवायचे.”

“ते आता...?”

“गेले. खेळ चालू असतानाच गेले, स्टुलावर. पडदा पडल्यावर कळलं आम्हाला. डॉक्टर म्हणाले, दोन तास तरी झालेत.” काकांनी आवाज आणखी खाली आणला. “म्हणजे पहिल्या अंकातच, नाही का? पण तिसऱ्या अंकात आमचा नट चार वेळा अडकला होता, बाळा... आणि चारही वेळा त्याला वाक्य मिळालं.”

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? घरी येऊन चिपा काढून पुन्हा त्या डब्यात ठेवल्या, परत देऊन टाकायच्या म्हणून. मग ती वही आठवली, त्यातली ती सहा पानं आठवली, आणि डबा पुन्हा उघडला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे तर शिकवणारा चांगला होता.

पंधरा दिवस रोज सराव केला. ताईला वाटलं मी कुणाशी तरी फोनवर बोलतोय. तिला काही सांगितलं नाही. एका संध्याकाळी मात्र ती दारात उभी राहून म्हणाली, “किती छान बोलतोयस रे! पण... मधेच तुझा आवाज वयस्कर का वाटतो?”

कार्यक्रमाच्या दिवशी भर दुपारी सभागृह भरलेलं होतं. मी हेडफोन लावून उभा राहिलो तेव्हा भोंगा सवयीने उठायला लागला, लोकांनी त्याला खाली बसवलं. मी सुरू झालो. मित्रहो, काय बोललो मी! बादल्यांची रांग समजावली, बादल्यांना ताल देणाऱ्या चिपेतल्या घड्याळाचा वेग कमी केला की आवाज कसा लांबतो ते दाखवलं, दोन विनोद केले, दोन्हींना हशा आला. ज्या शब्दाची मला धास्ती, तो अडायच्या आधीच कानात तयार. सहा मिनिटं मी राजा होतो.

सातव्या मिनिटाला कानात आलं, “दार उघडा. मी परत आलोय.”

आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. मोठ्याने, हात पुढे करून, नटासारखं. लोक हसले, त्यांना वाटलं हाही प्रात्यक्षिकाचा भाग. ताई हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मग तो आवाज अगदी जवळ आला. श्वासही ऐकू येत होता.

“आता तुम्ही बसा... पुढचं मी बोलतो.”

माझे गुडघे खरंच वाकायला लागले. मागे खुर्ची होती. बसणं किती सोपं होतं, सांगू? जन्मभर तेच तर केलं होतं. ताई बोलायची, भोंगा बोलायचा, आणि मी बसायचो. आणि त्याच वेळी मला असा संताप आला की भीतीला उभं राहायला जागाच उरली नाही. म्हटलं, जिवंत माणसांना जे दिलं ते आता मेलेल्यालाही देऊ? मी हेडफोन काढला आणि खोक्याचा खटका खाली पाडला. दिवा विझला, गुणगुण थांबली.

आता फक्त मी होतो.

अडखळलो. पुष्कळ अडखळलो. मान वाकडी झाली, डोळे मिटले, एका शब्दाचे पाच तुकडे पडले. पण पडले ते माझे होते, आणि मी ते एकेक उचलून पुढे देत राहिलो. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी एकच वाक्य उरलं: हे खोकं बनवलं, ते मी.

“हे खोकं ब... बनवलं, ते म...”

ओठ मिटले. ताई अर्धी उठली, शब्द तिच्या ओठांवर आलेला मला दिसला. मी तळहात दाखवून तिला थांबवलं. ती थांबली, आणि दोन्ही हात तोंडावर दाबून रडायला लागली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कुलूप उघडलं, आणि मी म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो की भोंगा दचकला.

टाळ्या थांबेनात. ताईने सगळ्यांदेखत माझे गाल ओढले. सातवं खोकं वहीत माझ्या नावावर चढलं आणि भोंग्याने स्वतःच्या हाताने आधीच्या सहाही पानांवरचं आपलं नाव खोडून माझं लिहिलं. त्या रात्री जितका गाढ झोपलो, तितका कधीच झोपलो नव्हतो. आजही अडखळतो, पण आता दुसऱ्याच्या तोंडाची वाट बघत नाही. दुकानात, फोनवर, कुठेही. लोक थांबतात, थांबायला काही पैसे पडत नाहीत.

भोंग्याने तो सगळा कार्यक्रम रेकॉर्ड केला होता. सवय म्हणून मी तो कॉम्प्युटरवर घेतला आणि शेवटची लाट ताणून बघितली. अकरा सेकंद शांतता. मग माझा ‘मी’. मग टाळ्यांचा गडगडाट.

पण त्या शांततेच्या शेवटी एक टाळी आहे. एकाच माणसाची, सावकाश, डाव्या बाजूने आलेली. डावीकडे कोरी भिंत आहे, तिथे खुर्च्या नव्हत्याच. मी तीन वेळा मोजलं. ‘मी’च्या बरोबर एक पंचमांश सेकंद आधी. खोकं बंद होतं, हेडफोन टेबलावर होता, आणि ती टाळी वाजली तेव्हा माझे ओठ अजून मिटलेलेच होते.