अंगठ्याची पारख

भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत सकाळी प्रत्येक जण काही ना काही तपासत असतो. कुणी नळाला पाणी आलंय का बघतं, कुणी आपला पेपर कुणी पळवला ते. माझे यजमान वेणीमाधव गाडीचे टायर तपासायचे, तेही अंगठ्याने. खाचेत अंगठा घालून फिरवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "चालतंय की अजून."

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, मला असल्या प्रकारांची चीड येते. टायरच्या खाचेत रबराचा छोटा उंचवटा असतो. बाजूची नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा, इतकं सरळ आहे. आमचे मागचे दोन टायर तिथवर आले होते, पुढचे तर पार गोटा झाले होते. आणि शनिवारी अकलूजच्या वसतिगृहातून आमच्या इंद्रायणीला घरी आणायचं होतं. लेकीला असल्या गाडीत बसवायची माझी अजिबात तयारी नव्हती.

टायरवाल्या नंदीशनेही खाचेत पट्टी घालून मान हलवली. "बदलून टाका की ओ, वैनी. ब्रेक दाबला तर गाडी थांबायची न्हाई."

"मला अंगठ्याला कळतं," वेणीमाधव म्हणाले आणि हट्टाने सकाळ-संध्याकाळ तपासू लागले.

काही दिवसांनी मी वाकून पाहिलं. पुढच्या टायरांतले उंचवटे खोल गेले होते. नक्षीच्या कडा धारदार झाल्या होत्या, वर नव्या रबराला असतात तसले बारीक केस. चोरून टायर बदललेत असं वाटून मी भांडले. मग नंदीशला दाखवलं. त्याने टायरवरची तारीख वाचली, पुन्हा वाचली.

"टायर जुनाच हाय की," म्हणाला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ धूतच राहिला.

वेणीमाधव मिशीला पीळ देत हिंडू लागले. तेवढ्यात ऑफिसातल्या हजेरीच्या मशीनने त्यांचा अंगठा ओळखणं बंद केलं. मग ते बाकीची बोटं लावून बघू लागले. मागचे टायर सुधारले तशी तीही चालेनात. जेवताना मी त्यांचा हात उताणा केला. तळहातावर एकही रेघ नव्हती, हात साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. मला भीती वाटली, खरंच वाटली.

"पुरे करा आता."

"अगं, पण टायर बघ की!"

शनिवारी मी एसटीने जाऊ म्हणून हटून बसले. टायर नवे झाले म्हणून गाडी नको का, असं त्यांनी विचारलं. फिजिक्सच्या हिशेबाने त्यांचंच बरोबर होतं. निघालो.

टायरांनी रस्ता घट्ट धरला होता. वेळापूरच्या अलीकडे, वळणावर, वेणीमाधवांच्या हातातून स्टीअरिंग निसटलं. ब्रेक मात्र झकास लागला. गाडी उसात शिरता शिरता थांबली.

पुढे मी चालवली. ते शेजारी बसून तळहात पँटला पुसत राहिले.

वसतिगृहात इंद्रायणी पळत बाबांकडे गेली, मी सही करायला आत गेले. परत आले तर डिकी उघडी, आणि ती आत वाकलेली.

"काय करतेस गं?"

"स्टेपनी राहिलीये ना. बाबा म्हणाले, ती मी तपासायची."

मी तिचा हात ओढून बाहेर काढला.

स्टेपनी पार गुळगुळीत होती.

फक्त मधोमध एक नवी, कोवळी खाच उमटली होती, इंद्रायणीच्या अंगठ्याएवढी रुंद.